गेलेल्या आट्यांची कैफियत

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन वापराने मरते असा जो समज लोकांत, आणि विशेषतः ती मोटारसायकल स्वस्तात पदरात पाडून घेऊ इच्छिणाऱ्या लोकांत, रूढ आहे, तो सर्वस्वी खोटा नसला तरी अर्धवट आहे. कारण वापराने पिस्टन झिजतो, रिंगा झिजतात, क्रँकचे बेअरिंग खुळखुळे होते हे खरे, परंतु ज्या एका गोष्टीपायी अशी गाडी महिनोन्महिने ओट्यावर गोणपाट पांघरून पडून राहते ती गोष्ट म्हणजे आटे, आणि आटे वापराने जात नाहीत. आटे जातात ते काळजीने. बोल्ट ढिला तर राहिला नाही ना, या सद्भावनेने पाना हाती घेतलेला माणूस त्या बोल्टाचे जेवढे वाटोळे करतो तेवढे खड्डे, पाऊस आणि भेसळीचे पेट्रोल हे तिघे मिळूनही करू शकत नाहीत, असे माझे मत वसईत राहून, स्वतः पान्यास स्पर्शही न करता, केवळ दुसऱ्यांच्या ओट्यांवर बसून बनलेले आहे. आणि ज्याने स्वतः काहीच केलेले नाही त्याचेच मत निःपक्षपाती असू शकते, या न्यायाने ते दप्तरी दाखल करून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, अशा भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. बोल्टाच्या अंगावरचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक चढ होय. पान्याने बोल्ट फिरवला की तो त्या चढाच्या आधाराने आत आत सरकत दोन भागांना जवळ आणतो, आणि ते जवळ आल्यावरही आपण फिरवीतच राहिलो तर बोल्टाचा दांडा केसभर ताणला जातो. या ताणातच त्याची सारी पकड असते. येथपर्यंत सर्व यथास्थित आहे. परंतु बोल्ट पोलादाचा आणि ज्या इंजिनात तो शिरतो त्याचे अंग ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. शिवाय आठ-दहा आटे एकमेकांत गुंतलेले दिसत असले तरी भार सर्वांवर सारखा पडत नाही, सुमारे एकतृतीयांश भार एकटा पहिला आटा वाहतो, आणि शेवटचे दोन-तीन केवळ हजेरीपटावर असतात. ज्यांनी कचेरीत उमेदवारी केली आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही. पहिला आटा शरण गेला म्हणजे त्याचा भार दुसऱ्यावर येतो, दुसरा गेला की तिसऱ्यावर, आणि ‘अजून थोडा, अजून थोडा’ अशी मागणी करीत असलेल्या हातास एकाएकी असा विलक्षण हलकेपणा जाणवतो की, ज्याने तो एकदा अनुभवला त्याचा चेहरा लांबून पाहूनही ओळखता यावा. बोल्ट फिरतो, मोकळेपणाने फिरतो, फिरतच राहतो, आणि घट्ट मात्र होत नाही.

या प्रकरणी वसईच्या हवेची जबानी स्वतंत्रपणे घेतली पाहिजे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, मध्ये मिठागरे आणि वर्षातले चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस, अशा या मुलखात हवा ही श्वासोच्छ्वासाची वस्तू नसून एक सौम्य द्रावण आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम हे भिन्न धातू एकमेकांस बिलगून बसलेले असता त्यांच्यामध्ये खारट ओल शिरली म्हणजे शाळेत शिकलेला व्होल्टाचा घट तेथे विनामूल्य तयार होतो; त्यातून दिवा लागण्याइतकी वीज निघत नाही, पण ॲल्युमिनियमचा हळूहळू पांढरा भुगा होत जातो, आणि तो भुगा आट्यांच्या फटीत दाटून बसल्यामुळे बोल्ट असा काही रुतून राहतो की मालकास आपली गाडी फार मजबूत असल्याचा भास व्हावा. पुण्याच्या कोरड्या हवेतला बोल्ट पान्याला तडक उत्तर देतो. आमचा बोल्ट आधी मौन धरतो, नंतर कुरकुरतो, आणि अखेर सुटतो तेव्हा छिद्रातले सगळे आटे बरोबर घेऊन बाहेर येतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई सर केल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा मराठे घेऊन गेले, त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर अद्याप टांगलेली आहे, आणि ती एवढी वर्षे टिकली याचे श्रेय सर्व लोक पोर्तुगीज ओतकामास देतात. परंतु घंटेला आटे नसतात आणि ती वेळीच वसईबाहेर पडली, या दोन कारणांकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही.

आमचे एक स्नेही आहेत. वसईच्या पश्चिमेस, जेथले बावखल, म्हणजे तळे, बुजवून त्यावर इमारत उभी करण्याची मसलत अद्याप पूर्णत्वास गेलेली नाही अशा एका आळीत, केळी आणि चाफ्याच्या वाडीत त्यांचे घर आहे, आणि त्या घराच्या ओट्यावर त्यांच्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली जावा उभी आहे. या गाडीवरून त्या काळी फुलांच्या करंड्या पहाटेच्या गाडीसाठी स्टेशनावर जात आणि तेथून दादरच्या बाजारात. पुढे वडील गेले, करंड्या टेम्पोने जाऊ लागल्या, आणि गाडी मात्र वारसाहक्काने घरातल्या थोरल्या मुलाकडे, म्हणजे आमच्या स्नेह्यांकडे आली. वाडीची वाटणी झाली तेव्हा भावांमध्ये विहिरीवरून, रहाटावरून आणि एका फणसावरून कडाक्याचे मतभेद झाले, परंतु जावा कोणी घ्यावी याविषयी अपूर्व एकमत होते असे सांगतात.

जावा हे वाहनही मोठे तऱ्हेवाईक. फ्रान्टिशेक यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा विकत घेतला, आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध केले. पुढे रुस्तम आणि फारोख या इराणी घराण्यातील मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना काढला आणि १९६० च्या सुमारास ती चेक गाडी तेथे जुळू लागली, नंतर बनू लागली, आणि त्यानंतर येझदी नाव धारण करून १९९६ पर्यंत नांदली. तिच्या इंजिनात सिलिंडर एक आणि धुराडी मात्र दोन, म्हणजे कमावता एक आणि उधळणारे दोघे, असा प्रपंच आहे. आणि गिअर टाकण्याचा दांडा तोच आत दाबून वर उचलला की किक होतो, ज्यामुळे परक्या माणसाने ही गाडी पळवून नेण्याची भीती उरत नाही, कारण तो किक शोधीत असतानाच घरचे लोक जागे होतात. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५, हे दोन आकडे आमच्या स्नेह्यांस स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत.

चेक गाडीचे सर्व माप मेट्रिक. आपल्या सरकारने वजने-मापांचा कायदा १९५६ साली केला आणि पुढील काही वर्षांत शेर, मण, यार्ड, फर्लांग यांना रीतसर निरोप दिला. परंतु हे फर्मान हार्डवेअरच्या दुकानापर्यंत पोहोचलेले नाही. तेथे आजही गिऱ्हाइकाने बोल्ट मागितला की ‘किती सुताचा?’ असा प्रश्न येतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. बरे, आपल्याकडे दुसरी जी लोकप्रिय जुनी गाडी, ती मद्रासेस १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, तिच्या अंगात तर साक्षात इंग्रजी आटे, सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ठरवून दिलेल्या पंचावन्न अंशांच्या कोनाचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे. मेट्रिक आट्याचा कोन साठ अंश. आता गंमत अशी की, पाव इंची बोल्ट हा सहा मिलिमीटरच्या बोल्टाहून अवघा एकतृतीयांश मिलिमीटर जाड असतो, डोळ्यांना दोघे सख्खे भाऊ दिसतात, आणि बुलेटवर हात बसलेल्या मिस्त्रीच्या डब्यात दोघेही एकत्र नांदत असतात. मेट्रिक छिद्रात इंग्रजी बोल्ट लावला की तो पहिला अर्धा फेरा निमूट आत जातो, पुढे अडतो, आणि मग मिस्त्री ‘जाम आहे’ असे म्हणून पान्याला पाइप लावतो. पाइप लावल्यावर तो जातोच. जाताना स्वतःचे नवे आटे पाडीत जातो, आणि असा आडवा गेलेला बोल्ट पुढे कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात न येता आपल्या जागी, इंग्रज साम्राज्याचा अखेरचा अवशेष म्हणून, सुखाने राहतो.

आमच्या स्नेह्यांच्या प्रकरणात मात्र बोल्ट नव्हे, तर स्पार्क प्लग निमित्त झाला. प्लगचा आटा चौदा मिलिमीटर व्यासाचा, आणि तो ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, बसतो. शास्त्र असे सांगते की इंजिन थंड असल्याखेरीज प्लग काढू नये, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, मऊ होते, आणि त्या अवस्थेत फिरवलेला प्लग आपल्याबरोबर धातूचा अंश ओढून आणतो. शास्त्र असेही सांगते की, नवा प्लग हाताने शेवटपर्यंत बसवावा आणि मग पान्याने अर्ध्या फेऱ्याहून थोडाच अधिक आवळावा, म्हणजे सुमारे पंचवीस न्यूटन-मीटर एवढा पीळ होतो. परंतु नाक्यावरच्या मिस्त्रीस शास्त्र ठाऊक नसते असे नाही. त्याला वेळ नसतो. गाडी नाक्यापर्यंत चालत आली ती तापलेली, तो प्लग त्याने तापलेलाच काढला, तारेच्या ब्रशने साफ केला, फुंकर घातली, आणि परत बसवताना, आमचे स्नेही वयोवृद्ध, त्यांना वाटेत त्रास नको, या केवळ आदरभावाने, जेवढा आवळायचा त्याच्या दुप्पट आवळला. “अंकल, आता हा दहा वर्षं हलणार नाही,” असे तो म्हणाला. हे भविष्य खोटे ठरण्यास खाडीच्या पुलाची चढणही लागली नाही. वसई गावातच, बाजाराच्या तोंडाशी, बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन प्लग वायरीच्या टोकाला लोंबू लागला.

अशा वेळी जी मंडळी जमतात, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो. रस्त्यात पडलेल्या माणसाभोवती वसईत चार लोक जमत असतील, तर बंद पडलेल्या जुन्या मोटारसायकलीभोवती चौदा जमतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या मामाकडे कधी काळी जावा होती. एकाने प्लगला शिवणाचा दोरा गुंडाळून शेलॅक लावण्याचा उपाय सुचविला. दुसऱ्याने सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचा पुरस्कार केला. तिसरा, हा विजेचा कामगार असावा, तांब्याच्या तारेची एकच बट छिद्रात उभी धरून तिच्यावर प्लग आवळावा या मताचा होता, आणि हा उपाय, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, मी अनेकदा सफल झालेला पाहिला आहे, मात्र गाडी घरी पोहोचेपर्यंतच. एम-सीलचा उल्लेख झाला. एका वृद्ध गृहस्थांनी गाडीच विकून टाकावी असे सुचविले, आणि त्यांच्याकडे सर्वांनी असे काही पाहिले की ते बिचारे काढता पाय घेते झाले. ज्या देशात कोणत्याही दोन माणसांचे राजकारणावर एकमत होत नाही, तेथे ‘हेड काढावं लागेल’ या एका वाक्यावर अखेर सर्वांची सहमती होते, हेही थोडे नव्हे.

हेड काढण्याचा निर्णय झाला म्हणजे मालक आणि मिस्त्री यांच्यामध्ये जो करार आपोआप अंमलात येतो त्यास वसईच्या इतिहासात एक सुप्रसिद्ध आधार आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी येथे जो तह केला, त्यान्वये पेशव्याने सहा हजारांहून कमी नसलेली तैनाती फौज कायम आपल्या मुलखात ठेवून घ्यावयाची होती, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा होता, आणि इतर कोणत्याही सत्तेशी इंग्रजांना विचारल्याखेरीज बोलणी करावयाची नव्हती. पेशवेपद मात्र त्याचेच राहिले. मिस्त्रीच्या दुकानात गाडी ठेवणाऱ्या मालकाची स्थिती याहून रेसभरही निराळी नाही. गाडीच्या पुस्तकावर नाव त्याचेच राहते. परंतु तिचे हेड कोठे आहे, टाकी कोणत्या फळीवर आहे, तिच्या साइड पॅनेलवर सध्या कोण बसून चहा पितो आहे, हे त्याने विचारावयाचे नसते. खर्चाची तसलमात वेळोवेळी पोहोचती करावयाची असते. आणि दुसऱ्या मिस्त्रीला त्याने नुसते जाता जाता काही विचारले, तरी ती बातमी संध्याकाळच्या आत पहिल्याच्या कानी जाऊन तैनाती फौज संपावर जाते. बाजीरावास निदान त्याची गादी परत मिळाली होती. आमच्या स्नेह्यांस गाडीची सीट परत मिळण्यास पावसाळा उजाडला.

तथापि आटे भरून काढण्याचे काम नाक्यावरच्या मिस्त्रीचे नव्हेच. ते टर्नरचे, आणि टर्नर पूर्वेस असतात. पश्चिमेची वसई केळी, चर्च, किल्ला आणि आजारपणातून उठलेल्या माणसांस मानवणारी हवा यांसाठी प्रसिद्ध, तर पूर्वेची वसई म्हणजे वालीव, सातिवली, गोखिवरे येथली औद्योगिक वसाहत, जेथे एकेका गाळ्यात काय बनेल याचा नेम नाही. एका गाळ्यात बिस्किटाचे साचे, शेजारी शस्त्रक्रियेची कात्री, त्याच्यापुढे पिठाच्या गिरणीचे दगड टाकणारा, आणि या सर्वांच्या मागल्या अंगास, जेथे रिक्षा जात नाही, एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि गणपतीची तसबीर एवढ्या भांडवलावर बसलेला टर्नर. असल्या माणसास जाहिरातीची गरज नसते. मुंबईतल्या बंद पडलेल्या कारखान्यात त्याने उमेदवारी केलेली असते, त्याच्या ड्रॉवरमध्ये टॅप, म्हणजे आटे पाडण्याची हत्यारे, तेलकट फडक्यात सुवासिनीच्या दागिन्यांप्रमाणे नीट गुंडाळून ठेवलेली असतात, आणि गिऱ्हाइकाशी तो फार बोलत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेले हेड त्याने उजेडात धरले, छिद्रातून करंगळी फिरवली, आणि म्हणाला, “काका, हे कोणी केलं ते मी विचारत नाही. किती जणांनी केलं तेवढं सांगा.”

त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा छिद्रास तीन मार्ग मोकळे असतात. पहिला, आर्गन वेल्डिंगने ते बुजवून नव्याने भोक पाडणे. परंतु साठ वर्षांचे ओतीव ॲल्युमिनियम ऑइल पिऊन बसलेले असते, ते तापले की आतून बुडबुडे येतात, आणि वरून शहाणे दिसणारे वेल्डिंग आतून जाळीदार निघते. दुसरा मार्ग हेलिकॉइलचा. पोलादी तारेचे, चौकटच्या एक्क्यासारख्या छेदाचे एक वेटोळे असते. छिद्र किंचित मोठे करून त्यात खास टॅपने नवे आटे पाडावयाचे आणि ते वेटोळे आत पिळून बसवावयाचे, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कडा हेडला धरून राहतात आणि आतल्या कडा पूर्ववत चौदा मिलिमीटरचे आटे होतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी हेच करावयाचे तर सहा पूर्णांक तीन दशांशचे ड्रिल लागते, यावरून किती थोडा धातू काढावा लागतो याची कल्पना येईल. विमानाच्या इंजिनांत हे वेटोळे नव्या कोऱ्या भागांतही मुद्दाम घालतात, कारण मऊ धातूतल्या मूळ आट्यांपेक्षा ते अधिक टिकते. म्हणजे जी गोष्ट आपल्याकडे अपघातानंतर करतात ती तेथे लग्नाआधीच करतात. आमच्या टर्नरास या उपायाविषयी आदर होता, पण प्रेम नव्हते. तिसरा मार्ग त्याचा स्वतःचा: छिद्र अठरा मिलिमीटरपर्यंत वाढवून, बाहेरून अठराचे आणि आतून चौदाचे आटे असलेला बुश लेथवर काढून तो कायमचा बसवणे, आणि वरून दोन ठिकाणी सेंटर पंचाने ठोकून त्याची कायमची कैद मुक्रर करणे. असे न ठोकलेले बुश पुढच्या खेपेस प्लगबरोबर बाहेर येतात, आणि मग मालक दोहोंकडे आळीपाळीने पाहत उभा राहतो.

टॅप फिरवणे ही एक बघण्याजोगी कला आहे. टर्नरने छिद्रात रॉकेलचे दोन थेंब सोडले, ॲल्युमिनियमला रॉकेलच मानवते, आणि टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे, असा चालविला, कारण कापलेला धातू मागे फिरताना तुटून मोकळा झाला नाही तर तोच टॅपला अडवितो. अशा संथ कामाने नवखा माणूस अस्वस्थ होतो. आमच्या स्नेह्यांस मात्र ते तत्काळ पटले, कारण त्यांनी सारी नोकरी चर्चगेटला केली आणि बसावयास जागा मिळावी म्हणून रोज सकाळी वसईहून आधी उलटे विरारला जाऊन तीच गाडी परतीला धरली. त्यांच्या दृष्टीने त्या टॅपात नवीन असे काहीच नव्हते. एकदा मात्र टॅप कुरकुरला आणि टर्नरचा हात जागच्या जागी थांबला. टॅप आत मोडणे म्हणजे या धंद्यातला कडेलोट होय. तो ड्रिलइतकाच कठीण असतो, त्याला ड्रिल लागत नाही, आणि तो काढण्यासाठी मग स्पार्क इरोजनचे मशीन असलेला निराळा गाळा, निराळी रांग आणि निराळा दर. तो थांबला, एक फेरा मागे आला, छिद्र पुसले, रॉकेल घातले आणि पुन्हा सुरुवात केली. त्या पाव मिनिटात त्या गाळ्यामध्ये कोणी श्वासही घेतला नसावा.

येथे हे प्रकरण संपावयास हवे होते, परंतु ‘हेड उघडलंच आहे तर’ या चार शब्दांनी महाराष्ट्रातल्या जितक्या घरांचे अंदाजपत्रक कोसळले असेल तितके अन्य कशाने नसेल. हेड उघडलेच होते तर सिलिंडर पाहणे आले. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते, तेथे सर्वाधिक झिजतो, आणि बोटाला तेथे एक पायरी लागते. पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालावयाचा, असा शिरस्ता आहे. चार टप्प्यांनी तो ६५ चा ६६ झाला म्हणजे पुढे स्लीव्हखेरीज गती नाही. या हिशेबाने २४८.९ घनसेंटिमीटरचे इंजिन अखेरीस २५६.६ घनसेंटिमीटरचे होते. आरटीओच्या दप्तरी या वाढीची नोंद होत नाही.

सिलिंडरच्या खाली क्रँक, आणि क्रँकला २०१८ च्या पुराची बाधा झालेली. जगभरचे जावाभक्त जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपला आंतरराष्ट्रीय दिन साजरा करतात. हा मुहूर्त ज्याने काढला त्याने वसईचा पाऊस पाहिलेला नसणार. त्या वर्षी तो दिवस ८ जुलैला आला, आमच्या स्नेह्यांनी गाडीस हार घातला, आणि लगोलग असा पाऊस लागला की १० तारखेला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन वसई-विरार लोकल बंद, मिठागर वस्तीतली माणसे अडकून पडलेली, आणि ओट्यावरची जावा हारासकट चाकाच्या वर पाण्यात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात निराळे ऑइल नसते, पेट्रोलात मिसळलेले येईल तेवढ्यावरच त्याच्या बेअरिंगांची गुजराण. असे इंजिन ओले होऊन न चालता पडले की बेअरिंगांस गंज धरतो. क्रँकचे दोन जाड चकतीसारखे भाग प्रेसमध्ये घालून वेगळे करावयाचे, पिन आणि रोलर नवे घालावयाचे, पुन्हा दाबून एक करावयाचे, आणि मग डायल गेजचा काटा पाहत तांब्याच्या हातोडीने टिचक्या मारीत ते सरळ आणावयाचे, हे काम टर्नरने स्वतः न करता दुसऱ्या एकाकडे पाठविले, आणि त्या दुसऱ्याविषयी तो ज्या आदराने बोलला त्यावरून दर काय असेल याचा अंदाज आलाच. पिन आणि रोलर मिळविण्यासाठी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि चोरबाजारात ज्या फेऱ्या झाल्या, त्यांचा वृत्तान्त मी गाळतो. एवढेच नमूद करतो की कारखाना १९९६ साली बंद झाला असला तरी ‘ओरिजिनल कंपनीचा, कालच आला’ असा माल त्या बाजारांत अजून नियमाने येत असतो.

मध्यंतरी एका हितचिंतकाने सुचविले की, एवढा खर्च होतोच आहे तर गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून घ्यावी, म्हणजे निराळी ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते आणि मुलाबाळांत मान राहतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत तशी तजवीज केलेली आहे. स्नेह्यांनी चष्मा लावून तो नियम ओट्यावर मोठ्याने वाचला. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, ती होती. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ते त्यांनी मनात नोंदले. नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, मात्र प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, पेट्रोल भरणे आणि देखभाल-दुरुस्ती यांसाठी नेता येईल. यावर ते म्हणाले की ती इतकी वर्षे यांतल्या शेवटच्या कलमाखेरीज कोठे गेलेलीच नाही, सबब कायदा आपल्या गाडीस पाहूनच केला असावा. पुढचे वाक्य मात्र त्यांनी दोनदा वाचले. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि इंजिनासह तिच्यात मोठे फेरफार वा दुरुस्ती झालेली नसावी. म्हणजे दुरुस्तीस जाण्याची मुभा, पण दुरुस्त होण्याची मनाई. अठरा मिलिमीटरचा एक बुश हा मोठा फेरफार ठरतो काय, या मुद्द्यावर मिस्त्री आणि टर्नर यांची मते मागविण्यात आली. मिस्त्रीच्या मते ज्या गोष्टीला वेल्डिंग लागले नाही ती दुरुस्तीच नव्हे, आणि टर्नरच्या मते मुळात मिस्त्रीने जे केले त्यालाच फेरफार म्हणावे, आपण केले तो बंदोबस्त.

अर्ज कोराच राहिला. नेहमीच्या पद्धतीची फेरनोंदणी आणि हरित कर एवढ्यावर भागवून व्हिंटेजसाठी काढून ठेवलेले वीस हजार बोअर, पिस्टन आणि क्रँक यांच्या पदरात पडले, आणि त्यांतून जे थोडे उरले त्याचा स्नेह्यांनी एक टॉर्क पाना मागविला, ज्यावर न्यूटन-मीटरचे आकडे कोरलेले असतात आणि ठरलेला पीळ पडताच जो ‘टक्’ असा आवाज करून माणसास थांबावयास सांगतो. तो त्यांनी गाडीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. मिस्त्रीच्या हाती लागला तर तो त्याचा हातोडीसारखा उपयोग करील, अशी त्यांस साधार भीती वाटते.